वाफ विकत घेणे आहे

कोकणी माणसाने आजवर काय म्हणून वाळवलं नाही? रातांबे सोलून आमसुलं केली. आंब्याचा रस ताटात ओतून साठं केली. फणसाची पोळी, फणसाचे पापड, कुळीथ, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, सांडगी मिरच्या, सगळं वाळवलं. मिरकरवाड्यात गेलात तर बांगड्यापासून सुकटीपर्यंत निम्मा अरबी समुद्र उन्हात पसरलेला दिसेल. मे संपेपर्यंत घरातला प्रत्येक डबा आगोटीच्या बेगमीने भरून, तोंडाला फडकं बांधून तयार. पावसाळ्याचे चार महिने खायचं काय, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांनी असा कायमचा निकालात काढला. नेसायचं काय, हा मात्र आमच्यावर सोडून ते गेले. फणसाची पोळी मे महिन्यात करून ऑगस्टात खाता येते. मे महिन्यात धुतलेला लेंगा ऑगस्टापर्यंत पुरत नाही. तो रोज मळतो, रोज धुवावा लागतो, आणि एकदा मृग लागला की वाळत नाही.

वाळत नाही म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला समजावणं कठीण आहे. पुण्याच्या माणसाचा रुमाल संध्याकाळपर्यंत दमट राहिला तर तो हवामान खात्याला चार शब्द ऐकवतो. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत साधारण ३३०० मिलिमीटर. पुण्याचं वर्षाचं खातं आमचा एकटा जुलै पुरं करतो आणि वर काही शिल्लक ठेवतो. घरात वावरणाऱ्या माणसांना ठेवावीत तशी आम्ही पावसालाही नावं ठेवली आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. तरण्या पावसात कपडे वाळत नाहीत, कारण तो धसमुसळा असतो. म्हाताऱ्यात वाळत नाहीत, कारण तो उठत नाही. दोघांची नजर चुकवून एखादी उन्हाची तिरीप पडलीच तर अख्ख्या आळीत 'ऊन आलं, ऊन आलं' असा पुकारा होतो. हातातलं टाकून माणसं बादल्यांसकट परसात धावतात. शेवटचा चिमटा लागतो न लागतो तोच भाट्याच्या बाजूने पुढची सर निघालेली असते. मग तीच माणसं, त्याच बादल्या, उलट दिशेने.

तरी आमच्या शेजारी राहणारे निवृत्त मास्तर म्हणतात की पावसाला उगाच बोल लावू नये. त्यांनी आयुष्यभर मुलांना उष्णतेचं शास्त्र शिकवलं आहे. आता मुलं मिळत नाहीत म्हणून ते आम्हाला शिकवतात. एकदा पडवीत माझ्या ओल्या पायजम्याखाली उभं राहून त्यांनी हिशेब मांडला. सत्तावीस अंश तापमानाला एक घनमीटर हवेत मावून मावून २६ ग्रॅम वाफ मावते. जुलैत आमच्याकडे आर्द्रता नव्वद टक्के धरली, तर त्यातली तेवीस-साडेतेवीस ग्रॅमची जागा आधीच भरलेली. उरली अडीच ग्रॅम. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे २८ घनमीटर. दारं-खिडक्या लावून घेतल्या तर त्या खोलीतली एकूण एक हवा मिळून कपड्यांतलं पाणी पिणार सत्तर ग्रॅम.

"म्हणजे किती?" सौ.ने विचारलं.

"अर्धी वाटी."

"आणि कपड्यांत असतं किती?"

"पाच किलो कपडे मशीनमधून पिळून काढले तरी तीन लिटर. मशीन साधं असेल तर अधिकच."

सौ.ने पडवीभर नजर फिरवली. अर्धी वाटी वजा जाता उरलेलं पाणी कुठे असतं, ते तिला मास्तरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते मिठाच्या बरणीत असतं, पोह्यांच्या डब्यात असतं, आगपेटीत असतं, गादीत असतं, आणि देव्हाऱ्यातल्या पोथीला पांढरी लव फुटते तिच्यातही असतं.

या हवेने राजालाही सोडलं नाही. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये तो नव्या राजवाड्यात राहायला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्याचं राज्य गेलं, माणकं गेली, हे सगळे सांगतात. त्याच्या कपड्यांचं काय झालं, हे कोणी सांगत नाही. मंडाले हा त्या देशाचा कोरडा पट्टा. आमच्या तिसरा हिस्साही पाऊस तिथे पडत नाही. तिथल्या माणसाला रेशमी वस्त्रांसह रत्नागिरीच्या जुलैत सोडायचं, ही शिक्षा राज्य काढून घेण्याहून हलकी म्हणता येणार नाही. थिबा पॅलेसच्या त्या ऐसपैस खिडक्या आणि व्हरांडे पाहून जाणकार वास्तुकलेविषयी बोलतात. मला पहिल्यांदा दिसते ती दोरी बांधायची जागा. उलट त्याच इंग्रजांनी रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना १९०८ साली मंडालेला धाडलं. सहा वर्षांच्या त्या कैदेत त्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढलं. त्यांची बुद्धी आणि निग्रह यांना माझा दंडवत आहेच. पण धोतर दोरीवर घातलं की तासाभरात वाळत असेल, तर माणसाचा लिहायला किती वेळ वाचतो, हेही संशोधकांनी एकदा पाहावं.

पावसाळ्यात आमच्या घराचा नकाशा बदलतो. बैठकीच्या खोलीत पंख्याखाली आडवी दोरी येते, आणि तिथून पुढे चार महिने घरातल्या माणसाची पत त्याच्या कपड्याला पंख्यापासून किती अंतरावर जागा मिळते त्यावर ठरते. पंख्याच्या थेट खाली शाळेचा गणवेश. त्याच्याशी स्पर्धा नाही. मग कचेरीत जाणाऱ्यांच्या पँटी. मग गृहिणीचे रोजचे कपडे, जे खरं तर पहिल्या रांगेत हवेत. पण रांगा तीच लावते, त्यामुळे स्वतःला मागे ठेवते. माझ्यासारख्या निवृत्तीला टेकलेल्या माणसाचा लेंगा दाराच्या कडेला, जिथे वारा आठवण आली तर येतो. टॉवेल आणि चादरी म्हणजे गावकुसाबाहेरचे लोक. जीन्स तर बोलूच नका. तो प्रकार अमेरिकेच्या कोरड्या मुलखात खाणीत राबणाऱ्यांसाठी निघाला. जुलैत धुतलेली जीन्स आमच्याकडे गौरी-गणपतीला वाळते, तेही कमरेपाशी नाही.

पाहुणे आले की त्या दोरीखालून वाकून यावं लागतं. रत्नागिरीत पावसाळ्यात माणसं इतकी नम्र का दिसतात याचं हे कारण. एका स्थळाची बोलणी आमच्या बैठकीत दोन परकरांच्या मधून झाली. लग्न जमलं, कारण मुलाकडच्यांच्या घरीही तेच होतं.

उपाय काय कमी केले? इस्त्रीने बनियन वाळवले. निम्मं पाणी वाफ होऊन इस्त्री करणाऱ्याच्या चष्म्यावर, निम्मं बनियनात. फ्रिजच्या मागच्या जाळीवर मोजे घातले. पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर डालगं उपडं घालून त्यावर दुपटी-लंगोट पसरत; खाली निखाऱ्यावर ओवा, शेपा, वेखंड. दुपटी वाळत, वर धुरीचा वास लागे, आणि बाळाला सर्दी होत नसे असं आई सांगते. मला तिने तशाच दुपट्यांत वाढवलं आणि मला बारमाही सर्दी आहे, हा मुद्दा घरात चर्चेला घेत नाहीत.

सगळ्यांत नामी उपाय होता कपाटातल्या बल्बचा. लाकडी कपाटात खालच्या खणात शंभराचा पिवळा बल्ब लावून ठेवायचा, की वरच्या साड्या-कोटांना बुरशी येत नसे. त्या बल्बचा उजेड म्हणजे नावाला. खाल्लेली बहुतेक वीज तो उष्णता म्हणून ओकायचा. मग एलईडी आले. नऊ वॅटमध्ये लख्ख प्रकाश. देशाची वीज वाचली, बिल कमी झालं, आणि आमच्या कपाटात आता साड्यांवरची बुरशी स्पष्ट दिसते.

एवढंही आम्ही सोसलं असतं. आमचं धैर्य संपलं ते गणपतीत. भाद्रपदात मुंबईचे चाकरमानी येतात, आणि ते येतात ते कोकण रेल्वेत उभ्याने, भिजलेल्या बॅगांसह. डोंबिवलीचा धाकटा भाऊ, भावजय, त्यांची मुलं, भावजयीची बहीण, बहिणीचे यजमान. आरती, मोदक, भजन, सगळं उत्तम. पण प्रत्येक माणसामागे एक टॉवेल असतो. सकाळी आंघोळी उरकल्या की घरात टॉवेलच टॉवेल. देवापुढे मखर कुठे संपतं आणि टॉवेल कुठे सुरू होतो, ते कळत नाही. त्यात आईचं सोवळं. ते कोणी शिवायचं नाही, म्हणून उंच दांडीवर काठीने घालायचं. आणि घरात उभं राहायला जागा नसताना त्याच्याखाली तीन हात मोकळी जागा सोडायची. ते वाळतही नाही. शेवटी ती ओलेत्यानेच नैवेद्य दाखवते आणि म्हणते, "धर्माला ओलं चालतं हो, गुडघ्यांना चालत नाही." निघताना भाऊ सगळे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून डोंबिवलीला नेतो. तिथे पिशवी उघडली की त्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यापर्यंत लोकांना कळतं की हे गावाहून आले.

तर यंदा ड्रायर घ्यायचा ठरला.

बातमी पसरताच पहिला फोन अमेरिकेतल्या भाचीचा. तिच्याकडे ड्रायर आहे, आणि नसता तरी घ्यावाच लागला असता. तिच्या वसाहतीत बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायला बंदी आहे. दिसायला वाईट दिसतं म्हणे. तिकडे अशा बंद्या इतक्या झाल्या की काही राज्यांना माणसाचा कपडे वाळत घालायचा हक्क राखणारे कायदे करावे लागले. आईने हे दोनदा समजावून घेतलं. ऊन आहे, दोरी आहे, कपडे आहेत आणि परवानगी नाही. इथे परवानगी आहे, दोरी आहे, कपडे आहेत आणि ऊन नाही. "मग त्यांचं ऊन इकडे का नाही पाठवत, एवढं सगळं पाठवतात ते?" असं ती म्हणाली. हा प्रश्न मी भाचीपर्यंत पोचवला आहे.

मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी इतिहास आणला. विजेवर चालणारा घरगुती ड्रायर अमेरिकेत बाजारात आला १९३८ च्या सुमाराला. नॉर्थ डाकोटात रॉस मूर नावाच्या गृहस्थाने तो खटाटोप आरंभला, तो हाडं गोठवणाऱ्या थंडीत आईला बाहेर कपडे वाळत घालायला जावं लागे म्हणून. पुढे हॅमिल्टन नावाच्या कंपनीने ते यंत्र विकायला काढलं आणि त्याला नाव दिलं 'जून डे'. जूनमधला दिवस! त्यांच्याकडे जून म्हणजे लख्ख ऊन, कोरडा वारा, फडफडणाऱ्या चादरी. या नावाचं यंत्र त्या काळी कोणी रत्नागिरीला विकायला आणलं असतं तर एकही खपलं नसतं. जून आमच्याकडे फुकट येतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत हलत नाही.

पहिलीच अडचण शेजारच्या वहिनींनी काढली. "ड्रायर? आमच्या मशीनला आहे की! ते दुसरं टब, गर्रगर्र फिरतं ते." त्या टबाला आपल्याकडे सगळेच ड्रायर म्हणतात, पण ते कपडे पिळतं, वाळवत नाही. मास्तरांचं मात्र म्हणणं की पिळणं हीच खरी कमाई. मिनिटाला आठशे फेरे घेणारं मशीन आणि बाराशे-चौदाशे घेणारं मशीन यांत पाच किलो कपड्यांमागे अर्ध्या ते पाऊण लिटर पाण्याचा फरक पडतो. हे पाणी फिरवून काढायला जवळजवळ फुकट. वाफ करून काढायला गेलात तर लिटरमागे निदान दोन-तृतीयांश युनिट उष्णता. तो निसर्गाचा दर आहे, त्यात सणासुदीची सूट नाही.

एवढी तयारी करून आम्ही मारुती मंदिरापाशी एका दुकानात गेलो. सौ., मी, मास्तर आणि आई. आईला नको म्हटलं होतं. पण पैसे घरचे जाताना घरातलं वडीलधारं माणूस हजर हवं, असं तिचं मत.

दुकानातला मुलगा हुशार होता. त्याने तीन प्रकार सांगितले. पहिला, गरम दमट हवा नळकांड्याने घराबाहेर सोडणारा. दुसरा, ती हवा आतल्या आत थंड करून तिचं पाणी टाकीत जमवणारा. तिसरा हीट पंपाचा. तोही पाणीच जमवतो, पण वीज निम्म्याच्या आसपास खातो. तिसरा सर्वांत महाग, हे सांगायला त्याला शब्द लागले नाहीत. तो त्या यंत्राकडे वळताना आपोआप ताठ झाला.

"बाहेरची हवाच ओली," मी शंका काढली. "ती आत घेऊन कपडे कसे वाळणार?"

याचं उत्तर मुलाआधी मास्तरांनी दिलं. नव्वद टक्के आर्द्रतेची आमची हवा सत्तावीस अंशांवरून साठ अंशांवर तापवली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण मावायची जागा साडेपाचपट होते. आर्द्रता येते सोळा-सतरा टक्क्यांवर. "म्हणजे पिंपात जैसलमेर," मास्तर म्हणाले. गिऱ्हाइकाकडून एवढं शास्त्र ऐकून मुलगा बावरला. त्याने घाईघाईने हुकमाचं पान काढलं.

"आणि काका, यात स्टीम आहे!"

"स्टीम म्हणजे?" आई पुढे झाली.

"वाफ, आजी. वाफेने कपड्यांच्या सुरकुत्या जातात, वास जातो, जंतू मरतात."

"कपडे वाळतात का?"

"वाळतात की. आधी वाळतात, मग वाफ सोडायची."

"म्हणजे आधी वाळवायचे, आणि मग दमट करायचे?"

"थोडेसेच, आजी. लगेच परत वाळतात."

"बाळ," आई म्हणाली, "आमच्या घरी ये. जूनपासून आम्ही वाफेतच बसलोय. एक सुरकुती गेली का बघ माझी."

दुकानातली इतर गिऱ्हाइकं हसली. मुलगा मात्र कसलेला होता. तोही हसला आणि माहितीपत्रक आईच्या हाती देऊन मोकळा झाला. न्यायाने सांगायचं तर वाफेत तथ्य आहे. ड्रायरमधून कपडे कडकडीत वाळून चुरगळलेले निघतात, आणि पाच-दहा मिनिटांच्या वाफेने ते सैलावतात. एकदाच घातलेला सदरा न धुता ताजातवाना करायलाही ती बरी. इस्त्री पूर्णपणे सुटते असं मात्र कोणी सांगितलं तर त्याच्या अंगावरचा सदरा बघावा. आमच्या दुकानातल्या मुलाचा सदरा कडक इस्त्रीचा होता. तो घरून करून आणला होता, असं त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं.

आईचे प्रश्न संपले नव्हते. यात आमसुलं वाळतील का? नाही, हे गरगर फिरतं. सांडगे? नाही. मग न फिरवता चालवता येईल का? काही यंत्रांत बूट ठेवायची स्थिर जाळी असते, असं मुलाच्या तोंडून गेलं, आणि आईने सौ.कडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. मग सर्वांत अवघड: यात वाळलेलं सोवळं सोवळं राहतं का? मुलाने माहितीपत्रक उलटसुलट पाहिलं. मास्तर म्हणाले, यंत्राला हात नसतात, तेव्हा स्पर्शदोष संभवत नाही. आईचं म्हणणं पडलं की यंत्राला हात नसतील, पण त्यात आदल्या दिवशी कोणाची जीन्स होती. निर्णय राखून ठेवला गेला.

टाकीत जमणाऱ्या पाण्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. कपड्यांतून निघालेलं ते तीन लिटर पाणी टाकून द्यायचं, हे कोणालाच पटेना. मास्तरांनी सांगितलं, वाफेचं पाणी झालेलं, म्हणजे बरंचसं शुद्ध. मात्र त्यात कपड्यांचे बारीक तंतू असतात, म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी माझा बेत ओळखला होता. पाणी अळवाला घालायचं ठरलं. बाहेर धो धो पाऊस, अळू गुडघाभर पाण्यात, आणि त्याला वर ड्रायरचं पाणी. पण वाया घालवलं नाही, हे महत्त्वाचं.

मग वीज. गरम हवेवाले दोन्ही प्रकार दोन-अडीच हजार वॅट मागतात. त्यांना सोळा अँपिअरचा प्लग हवा, आणि आमच्या जुन्या घराच्या वायरिंगला गीझरच्या नावानेच घाम फुटतो. हीट पंपाला हजाराच्या आत भागतं. पण लाईट असेल तर! आमच्याच जिल्ह्यात जयगडला १२०० मेगावॉटचं वीज केंद्र आहे. वीज भरपूर. फक्त जयगड आणि माझा लेंगा यांच्यामध्ये हापूसची असंख्य झाडं उभी आहेत, आणि वारा सुटला की त्यांतली एखादी फांदी तारेवर पडते. ज्या आंब्याने आम्हाला जगात नाव दिलं, त्याच्याबद्दल तक्रार कुठे करणार? छपरावर सौर पॅनेल बसवावं तर तेही उन्हावरच जगणार, आणि ऊन असतं तर आम्ही दुकानात कशाला गेलो असतो?

दुरुस्तीचं विचारलं. मुलगा म्हणाला, माणूस कोल्हापूरहून येतो. आंबा घाट चालू असेल तर दुसऱ्या दिवशी. नसेल तर? मुलगा नुसता बाहेर बघत राहिला. बाहेर तरणा पाऊस पडत होता.

मास्तरांचा स्वतःचा कौल ड्रायरला नव्हताच. एक लहान खोली बंद करा, दोऱ्या बांधा, आणि हवेतलं पाणी ओढणारा डिह्युमिडिफायर ठेवा. तत्त्व तेच, किंमत बरीच कमी, कपडे आदळत नाहीत, वर पोथ्या आणि पोहेही कोरडे राहतात. खरं सांगायचं तर घरात एक खोली मोकळी असेल त्याने हेच करावं. आमच्याकडे बंद करण्याजोगी एकच खोली आहे, आणि तिच्यात मी झोपतो. सौ.ला त्यात अडचण दिसली नाही.

शेवटी घरी येऊन बैठक झाली. माझं मत हीट पंपाला, पण वाफेशिवाय. वाफेचे जादा पैसे कोकणात देणं मला सिंधुदुर्गाला नारळ पाठवण्यापैकी वाटत होतं. सौ.लाही हीट पंपच हवा होता, तो मात्र वाफेसकट, कारण आईच्या इस्त्रीच्या नऊवाऱ्या ती करते. आईच्या मते मुळातच यंत्र नको, पण आणलंच तर चांगलं आणा. दुकानात फोन केला तर वाफेशिवायचा हीट पंप शिल्लकच नव्हता. घाटावरून मागवावा लागेल म्हणाले. घाट म्हटल्यावर सगळ्यांनी वाफेला होकार दिला.

यंत्र आलं. खाऱ्या हवेने पत्रा गंजू नये म्हणून भिंतीपासून दूर, लाकडी पाटांवर बसवलं. पहिल्या दिवशी आळीतली निम्मी मंडळी काचेच्या दारातून माझा लेंगा फिरताना बघायला आली होती. आत उजेड असतो, त्यामुळे काही लपत नाही. यंत्र थांबलं, सौ.ने लेंगा बाहेर काढला आणि सगळ्यांनी हात लावून पाहिला. कोरडा. जुलैत कोरडा आणि कोमट. वहिनींनी गालाला लावला, मग तो कोणाचा आहे ते आठवून खाली ठेवला.

तेव्हापासून आमच्या पडवीत रोज एक नवी पिशवी असते. वहिनींचे गणवेश, मास्तरांच्या धुवट बंड्या ("तुलनेसाठी" आणतात), समोरच्यांच्या बाळाची दुपटी. चुकून कोणी वाफ सोडू नये म्हणून वाफेच्या बटणावर आईने चिकटपट्टी लावली आहे. सौ. ती दुपारी काढते, नऊवारी झाली की परत लावते. आईला ते माहीत आहे; नऊवारी तिचीच असते. सोवळ्याचा निर्णयही लागला. यंत्र धुऊन, आधी एकदा रिकामं फिरवून घ्यायचं, आणि त्या दिवशी त्यात दुसरं काही नाही. बुटांची जाळी कुठे ठेवली आहे, हे सध्या घरात फक्त आईला ठाऊक आहे.

परवा रात्री डोंबिवलीहून भावाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या. मग म्हणाला, "दादा, ड्रायर घेतलास असं ऐकलं."

"हो रे. चांगला चालतोय."

"मग असं कर, गौरीबरोबर निघत नाही आम्ही यंदा. अनंत चतुर्दशीपर्यंतच राहतो. साडूंनाही सांगितलंय. आणि कपडे जोडी-दोन जोडीच आणतो म्हणतो, उगाच बॅगा कशाला? रोज धुवायचे, रोज वाळवायचे."

"ये की," मी म्हटलं.

"टॉवेलही आणत नाही मग."